धुके सरेपर्यंत

सागरहून जोगला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये बसलेल्या एका वयस्क जोडप्याची कल्पना करावी. पती निवृत्त शिक्षक आहे. पत्नीचे माहेर शरावतीच्या खोऱ्यात होते, आणि 'होते' हे क्रियापद येथे शब्दशः घ्यावयाचे आहे. १९६४ साली लिंगनमक्कीचे धरण पुरे झाले. त्याच्या जलाशयात जी गावे गेली त्यांत तेही गेले. तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. भर पावसाळ्यात, धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी वाचून, दोघे दिवसभरासाठी निघाले आहेत. पिशवीत चित्रान्नाचा डबा आहे, दोन छत्र्या आहेत.

पाहण्याच्या जागी पोहोचल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. समोर नुसते पांढरे धुके, आणि त्याच्या आतून येणारा एक अखंड घोष. पावसाळ्यात जोगला जाणाऱ्यांना हे परिचित आहे. कडा केव्हा दिसेल हे वाऱ्याच्या मर्जीवर असते. अर्धा तास लोटतो. मग अकस्मात पडदा बाजूला सरतो. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशी ज्यांना वेगवेगळी नावे आहेत ते चारही प्रवाह फुगून जणू एक झालेले, आणि ते सारे पाणी २५३ मीटर खाली कोसळत असलेले. कठड्याशी उभी असलेली माणसे ओरडतात, टाळ्या वाजवतात. शिक्षकाचे डोळे पाणावतात. पत्नी म्हणते, "म्हणजे आमचे गाव आज पुरते बुडाले."

हे विधान भावनेच्या भरातले नाही; ते जलव्यवस्थापनाचे साधे सत्य आहे. शरावतीचे पाणी येथे वीजनिर्मितीसाठी वळवले जाऊ लागले ते १९४८ मध्ये. लिंगनमक्कीनंतर धबधब्याच्या वाट्याला उरले ते बहुतांशी पावसाळी पाणी. जोग आपल्या पूर्ण रौद्ररूपात दिसतो तो जलाशय काठोकाठ भरून दरवाजे उघडावे लागतात तेव्हा. उलट उन्हाळ्यात, कड्यावर एखादी बारीक धार उरते तेव्हा, वरच्या बाजूस पाणी उतरते आणि हिरेभास्कर येथील जुने धरण, जे स्वतःच नव्या धरणाच्या पोटात गेले, ते डोके वर काढते. जुन्या वाटा दिसू लागतात. एकाच नदीची ही दोन दृश्ये आहेत, आणि एक दिसते तेव्हा दुसरे दिसत नाही.

मग प्रश्न असा की, पतीच्या आनंदात काही उणे होते काय?

कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात उदात्ताचा विचार करताना महानदीच्या उंच प्रपाताचाही उल्लेख केला आहे. असे दृश्य जितके भयावह तितके ते अधिक आकर्षक, मात्र पाहणारा सुरक्षित जागी असला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. ही अट सहसा कड्यापासूनच्या अंतराची समजली जाते. जोगच्या कठड्यावर मात्र तिचा अर्थ रुंदावतो. शिक्षक केवळ पाण्यापासून दूर नाही. तो त्या पाण्याच्या इतिहासापासूनही दूर आहे. त्याने आयुष्यभर ज्या दिव्याखाली वह्या तपासल्या त्या दिव्याशी या नदीचे नाते होतेच. विस्थापितांच्या अनेक वस्त्यांत तो दिवा फार उशिरा पोहोचला, आणि काहींच्या जमिनीच्या हक्काचे कागद अजूनही झालेले नाहीत. पत्नीजवळ तेवढे अंतर नाही. ती कठड्याच्या अलीकडे उभी आहे, पण सुरक्षित जागी नाही.

अभिनवगुप्ताचा आधार घेतला तर दोष पत्नीकडे जाईल. स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे त्याने रसास्वादातील विघ्नांमध्ये गणले आहे. परंतु तो बोलत होता नाट्याविषयी. रंगमंचावरचा राम खरोखर वनात जात नाही. शरावतीकाठची माणसे खरोखर उठली. निसर्गाला रंगभूमी मानण्याची सवय प्रवासवर्णनांनी आपल्याला इतकी लावली आहे की हा भेद सहज सुटतो. विश्वेश्वरय्या हा प्रपात पाहून, केवढी ही शक्ती वाया चालली, असे उद्गारले अशी आख्यायिका आहे. रसिक तिला हसतात. पण त्या अभियंत्याच्या दृष्टीत आणि रसिकाच्या दृष्टीत एक साम्य आहे: दोघांनाही नदी दिसते ती कड्यापाशी. कड्याच्या मागे तिच्या काठाने भातखाचरे होती, सुपारीच्या बागा होत्या, ते दोघांच्याही चौकटीबाहेर राहते.

अर्थात हा विचार टोकाला नेला तर पाहण्यासारखे काहीच उरणार नाही. कोणत्या देवळाच्या शिखराखाली वेठ नाही? वेदनेचा हिशोब मागून प्रत्येक सौंदर्याला दाराबाहेर उभे करणे हाही एक प्रकारचा अहंकारच. पण या स्त्रीने तसे केलेले नाही. तिने पाहू नका म्हटले नाही, स्वतःही मान फिरवली नाही. उलट धुके पुन्हा दाटेपर्यंत तीच अधिक वेळ पाहत राहते. तिला प्रपात दिसतो आणि गावही. पतीला एकच दिसतो. त्याचा आनंद खोटा नाही, पण तो अपुऱ्या माहितीवर उभा आहे, आणि ही माहिती चाळीस वर्षे त्याच्या घरातच होती.

कारण दर उन्हाळ्यात ती भावाबरोबर जलाशयाकडे जाते. विहिरीचा कठडा उघडा पडला की तेथे थोडा वेळ बसून येते. तो कधी गेला नाही. तेथे पाहण्यासारखे काय आहे, असे तो म्हणत असे, आणि ती वाद घालत नसे.

डबा बसथांब्याच्या छपराखाली खाल्ला जातो. परतीच्या बसमध्ये काचा धूसर झालेल्या असतात. तालगुप्प्याच्या पुढे केव्हातरी तो विचारतो, "विहीर कोणत्या महिन्यात वर येते?"

"महिना सांगता येत नाही," ती म्हणते. "अहो, जोग पुरता आटला की समजायचे."