दाणा कशावर पडतो?

१९४३ साल. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात एका पिठाच्या गिरणीचा सर्वांत वरचा मजला मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांना मिळाला होता. युद्धाचे दिवस होते आणि कबुतरांकडून क्षेपणास्त्राला दिशा देता येईल का, यावर त्यांचं काम चाललं होतं. वॉशिंग्टनहून निर्णय यायला वेळ लागत होता. त्या रिकामपणात एके दिवशी स्किनर आणि त्यांचे सहकारी केलर ब्रेलंड व नॉर्मन गटमन यांनी एका कबुतराला चेंडू टोलवायला शिकवायचं ठरवलं. लाकडी चेंडूला चोचीने जोराचा फटका मारला की दाणे मिळणार, असा नियम होता. कबुतर फटका मारीना. वाट पाहून कंटाळल्यावर त्यांनी नियम सैल केला. चेंडूकडे नुसतं पाहिलं तरी दाणे. मग चेंडूजवळ गेलं तर दाणे, मग चोच लावली तर. काही मिनिटांत ते कबुतर असे फटके मारू लागलं की चेंडू पेटीच्या भिंतींवर आदळून परतत होता. एवढ्या झटपट हे घडेल असं त्या तिघांनाही वाटलं नव्हतं.

सोशल मीडियाचं मानसशास्त्र म्हटलं की मला आधी ही गिरणी आठवते. आपल्याकडची बहुतेक चर्चा वेळेवर येऊन थांबते: मुलं किती तास मोबाइलवर असतात, झोप किती कमी झाली, जेवताना फोन हवाच का. हे प्रश्न खोटे नाहीत. पण त्या कबुतराचा वेळ किती गेला हे तिथे कुणी मोजत नव्हतं. थोड्या वेळापूर्वी जे त्याला सुचलंही नसतं, ते आता ते आपणहून आणि जोमाने करत होतं. बक्षिसाच्या तत्त्वावर चालणारी ही माध्यमं आपला वेळ घेता घेता आपल्याला काय करायला शिकवतात, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्याआधी आपण तिथे अडकून का राहतो, ते पाहायला हवं. याचं उत्तरही स्किनर यांच्याकडेच सापडतं आणि ते त्यांना एका अडचणीतून मिळालं. १९३०च्या सुमारास ते हार्वर्डमध्ये उंदरांवर प्रयोग करत. पेटीतली दांडी दाबली की उंदराला खाण्याची गोळी मिळे, आणि त्या गोळ्या हाताने बनवाव्या लागत. एका शनिवारी दुपारी त्यांनी हिशेब केला, तर सोमवारी सकाळीच गोळ्या संपणार होत्या. मग दांडी दाबल्यावर दर वेळी गोळी देण्याऐवजी त्यांनी मिनिटाला एकच द्यायला सुरुवात केली. उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढे चार्ल्स फर्स्टर यांच्यासोबत त्यांनी बक्षीस देण्याच्या वेगवेगळ्या वेळापत्रकांवर मोठा ग्रंथच लिहिला, तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. कितव्या खेपेला बक्षीस मिळेल याचा अंदाज नसतो, तेव्हा प्राणी सर्वांत जोरात आणि सर्वांत चिवटपणे काम करत राहतो. बक्षीस पुरतं बंद झाल्यावरही तो लवकर थांबत नाही.

मुंबईला हे प्रयोगशाळेविना ठाऊक होतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जे भाव फुटत, ते तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर इथे पैसे लागत. ती सोय बंद पडल्यावर १९६०च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी वरळीतून मटका उभा केला. ओपन आणि क्लोज हे शब्द कापसाच्या भावातूनच आले आणि गिरणगावाच्या रोजच्या बोलण्यात रुळले. ओपनचा आकडा बरोबर आला की क्लोजची वाट पाहताना माणूस कसा होतो, हे ज्या घरांनी पाहिलं, त्यांना वेगळं समजवायला नको. त्या घरांनी फार सोसलं. पण मटक्यात दोन निकालांच्या मधे काही तास जात. त्या तासांत कामाची पाळी असे, स्वयंपाक असे, शेजारी असत. माणसाला स्वतःशी भांडायला थोडी फट मिळे. हातातल्या फोनवर दर काही सेकंदांनी नवा निकाल लागतो. अंगठा वर सरकवला की एक आकडा फुटला: कंटाळवाणी रील, कंटाळवाणी रील, मग अचानक एक अशी की आपण खळखळून हसतो. पानाला शेवटच नसावा ही रचना एझा रास्किन यांनी २००६ साली तयार केली. पान संपल्यावर माणूस क्षणभर थांबतो आणि पुढे जायचं की नाही ते ठरवतो, तो क्षणच त्यात गेला. त्याबद्दल रास्किन यांनी पुढे उघडपणे खंत व्यक्त केली आहे.

मेंदूत काय होतं, याविषयी डोपामिन या रसायनाचं नाव आता सगळीकडे ऐकू येतं, पण बहुतेक वेळा चुकीच्या अर्थाने. डोपामिन म्हणजे आनंद, असं समजलं जातं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत वेगळं दिसलं. माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की डोपामिन सोडणाऱ्या पेशी उसळत. दर वेळी रसाआधी दिवा लागू लागला, तेव्हा त्या दिव्यालाच उसळू लागल्या आणि रस आल्यावर शांत राहू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, की त्या नेहमीपेक्षाही मंदावत. म्हणजे त्या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजत होत्या. २००३ साली याच गटाने दाखवलं की रस मिळण्याची शक्यता अर्धी-अर्धी असते, तेव्हा वाट पाहण्याच्या काळात या पेशींची हालचाल सर्वांत जास्त वाढते. मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी आणखी पुढे जाऊन हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे दाखवलं. रात्री दीड वाजता कुणी तासभर रील पाहतो आणि शेवटी म्हणतो, काहीच बघण्यासारखं नव्हतं. तो खरंच बोलत असतो. त्याला ते आवडलेलं नसतंच, फक्त पुढचं हवं असतं.

इथपर्यंतचं पुष्कळांनी लिहिलं आहे. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनीही २०१७ साली जाहीरपणे सांगितलं की माणसाच्या मनातल्या एका कमकुवत जागेचा हा वापर होता आणि तो करणाऱ्यांना त्याची जाणीव होती. पण मटक्याचा आकडा माणसाला काही शिकवत नाही. तो कसाही लावा, तसाच फुटतो. सोशल मीडियावर मात्र बक्षीस आपल्या वागण्यावर अवलंबून असतं, आणि ते माणसांकडून येतं. फेसबुकवर लाइकचं बटण ९ फेब्रुवारी २००९ रोजी आलं. तोवर कौतुक शब्दांत करावं लागे, त्याला कारण द्यावं लागे. त्या दिवसापासून ते मोजता येऊ लागलं आणि काही सेकंदांत, नेमक्या त्याच वाक्यावर, त्याच फोटोवर येऊ लागलं. गिरणीतल्या पेटीला लागणारं सगळं जमून आलं.

हे केवळ अनुमान नाही. २०२१ साली ब्योर्न लिंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी चार हजारांहून अधिक लोकांच्या दहा लाखांहून अधिक पोस्ट तपासल्या. लाइक मिळण्याचा वेग वाढला की पुढच्या पोस्टपर्यंतचं अंतर कमी होत होतं. पेटीतल्या उंदरांचं वागणं ज्या गणिताने सांगता येतं, त्याच गणिताने हेही सांगता आलं. त्याच वर्षी येल विद्यापीठात विल्यम ब्रेडी आणि मॉली क्रॉकेट यांच्या गटाने ट्विटरवरच्या ७,३३१ लोकांचे सव्वा कोटीहून अधिक ट्विट पाहिले. संताप व्यक्त केल्यावर ज्यांना जास्त लाइक आणि शेअर मिळाले, ते पुढे जास्त संताप व्यक्त करू लागले. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की टोकाच्या गटांतले लोक आधीपासूनच संतापलेले होते. या बक्षिसाने जास्त बदलले ते मवाळ वर्तुळांतले. म्हणजे आपले समंजस मित्र.

मराठीत हे रोज दिसतं. फेसबुकवर लिहिणारे काही चांगले कवी मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. आईवरची कविता, गावाकडच्या पडक्या घरावरची कविता, पहिल्या पावसावरची कविता आली की हृदयांची रांग लागते. अवघड, तिरकी, दोनदा वाचावी लागणारी कविता आली की पंचवीसेक लोक येऊन जातात, त्यातले निम्मे मैत्रीखातर. त्या कवीला कुणी काही सांगितलेलं नसतं. पण दोन-तीन वर्षांत आई, घर आणि पाऊस वाढतात. इतिहासाबद्दल लिहिणाऱ्यांचं दुःख याहून मोठं आहे. कागदपत्रं पाहून, तारखा जुळवून सावधपणे लिहिणाऱ्याच्या पोस्टला जो प्रतिसाद मिळतो, त्याच्या कितीतरी पट प्रतिसाद एखाद्या जातीला किंवा एखाद्या इतिहासकाराला उद्देशून लिहिलेल्या चार बोचऱ्या ओळींना मिळतो. तो माणूस अभ्यासक असूनही कधीतरी एक बोचरी ओळ लिहितो. दाणे पडतात. त्यानंतरचं मी जवळून पाहिलं आहे, आणि ती माणसं मुळात तशी नव्हती.

लेखकाला दाद हवी असणं यात गैर काही नाही, ती पूर्वीही हवी असे. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला. तेव्हापासून या अंकांत लिहिणारे वाचकांच्या पत्रांची वाट पाहत आले आहेत. पण पत्र यायला कित्येक दिवस लागत. तोवर लेखकाने पुढचं काही हाती घेतलेलं असे. पत्राने आनंद होई, उमेद येई, पण कोणत्या वाक्याला टाळी मिळाली हे ओळखून पुढचं वाक्य वळवावं, इतकं ते जवळचं नसे. मानसशास्त्रातलं प्रबलनाचं, म्हणजे बक्षिसातून शिकवण्याचं, साधं तत्त्व आहे की कृती आणि बक्षीस यांतलं अंतर वाढलं की शिकणं ढिलं पडतं. कबुतराच्या बाबतीत काही सेकंदांनीही फरक पडतो, कारण तेवढ्यात ते दुसरंच काही करू लागलेलं असतं. टपालाच्या त्या दिरंगाईने कित्येक लेखकांना स्वतःसारखं राहू दिलं असेल.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सोशल मीडियामुळे मुलं दुःखी होतात, हे वाटतं तेवढं सिद्ध झालेलं नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ साली किशोरवयीन मुलांची प्रचंड माहिती तपासली, तेव्हा त्यांच्या सुखदुःखातल्या फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल तंत्रज्ञानाच्या वापराशी जुळत होता. हा आकडा मी गंभीरपणे घेतो. त्यामुळे सरसकट व्यसन हा शब्द वापरायला मी कचरतो. पण घडवला जाणारा माणूस दुःखी असेलच असं नाही. तो मजेत असू शकतो. मी आनंदाबद्दल बोलत नसून आपल्या जिभेबद्दल, आपल्या रागाबद्दल आणि आपल्याला काय बोलावंसं वाटतं त्याबद्दल बोलतो आहे, आणि ते सुखाच्या प्रश्नावलीत सापडत नाही.

मग करायचं काय? नोटिफिकेशन बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, हे सल्ले ठीक आहेत. पण दाणे माणसांच्या हातून पडत असतील, तर एकट्याने ठरवून फार होत नाही. म्हणून मला सांगली जिल्ह्यातलं कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव महत्त्वाचं वाटतं. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास गावभर मोबाइल व टीव्ही बंद राहू लागले, मुलांनी अभ्यास करावा म्हणून. यातलं शहाणपण असं की सगळं गाव एकदम थांबतं. गावातलं कुणीच लाइक देत नसेल, उत्तर पाठवत नसेल, तर मुलाला आपण काही तरी गमावतो आहोत असं वाटायला जागा उरत नाही.

कायदाही हलला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यावरून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई करतो. दोन्ही पावलं मला पटतात. पण कोणती पोस्ट वर आणायची आणि कोणती खाली दाबायची, हे कशावर ठरतं, ते विचारणं यांच्यापैकी एकाचाही मुख्य हेतू नाही.

आणि तेच विचारायला हवं, कारण तिथे माणसांनी ठरवलेले आकडे असतात. २०१६ साली फेसबुकने लाइकसोबत हसण्याची, हळहळण्याची, रागाची चिन्हं दिली. २०१७ पासून पोस्टचा क्रम ठरवताना त्या प्रत्येक चिन्हाला लाइकच्या पाचपट वजन दिलं गेलं. रागाचं चिन्हही त्यात आलं. २०१९ साली कंपनीच्याच तज्ज्ञांना दिसलं की रागाची चिन्हं मिळवणाऱ्या पोस्टमध्ये खोट्या आणि विखारी मजकुराचं प्रमाण जास्त आहे. रागाच्या चिन्हाचं वजन उतरत गेलं आणि २०२० साली शून्यावर आलं. मधली वर्षं जगभर, मराठीतही, लोक एकमेकांवर चिडत होते आणि हा आपलाच स्वभाव आहे असं समजत होते. त्या पाचपट वजनाची गोष्ट बाहेर आली २०२१च्या ऑक्टोबरमध्ये, तीही फ्रान्सेस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली म्हणून. आज आपल्या रीलमागे, आपल्या मुलांच्या रीलमागे कोणत्या कृतीला किती वजन आहे, हे मागून घेण्याचा हक्क आपल्या विधिमंडळाला आणि संसदेला असायला हवा. औषधाच्या बाटलीवर घटक छापावे लागतात. या कंपन्यांनीही त्यांचे आकडे छापावेत, आणि ते मराठीत वाचायला मिळावेत.