विमानातून ओलांडायची सीमा

हजला निघालेल्या माणसाला मक्केच्या बरेच अलीकडे एक सीमा लागते. तिला मीकात म्हणतात. ती ओलांडण्याआधी एहराम धारण करायचा असतो: पुरुषांना न शिवलेली दोन वस्त्रे, मनात नियत म्हणजे संकल्प, ओठांवर तल्बिया ही प्रार्थना. त्यानंतर अत्तर लावणे, केस किंवा नखे कापणे, शिकार करणे वर्ज्य. परंपरेने अशी पाच ठिकाणे मानली आहेत. मदिनेच्या वाटेवरचे झुल-हुलैफा मक्केपासून चारशेहून अधिक किलोमीटरवर आहे, नज्द प्रदेशाच्या वाटेवरचे कर्न अल-मनाझिल शंभराच्या आत. मुंबईहून जहाजाने जाणारे यात्रेकरू यलमलम या मीकातच्या समोर आले की एहराम बांधत. ही जहाजे १९९५ मध्ये बंद झाली.

विमान ही सीमा काही क्षणांत आणि फार उंचावरून पार करते. मग जमिनीवर आखलेली सीमा आकाशातही लागू होते का? विमानप्रवाशाचे पाय पहिल्यांदा टेकतात ते जेद्दाला, तेव्हा त्याची मीकात जेद्दाच मानावी, असे कतारचे अब्दुल्ला बिन झैद अल महमूद यांच्यासारख्या काही विद्वानांचे मत होते. सोयीचे तर ते होतेच, तर्कालाही सोडून नव्हते. पण इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीने १९८६ मध्ये अम्मानच्या अधिवेशनात ते नाकारले: मीकातच्या वरून किंवा तिच्या समांतर जाणाऱ्यानेही आधीच एहरामात असले पाहिजे. म्हणून विमानात तशी सूचना दिली जाते. वस्त्रे घरून किंवा विमानतळावर नेसून निघाले तरी चालते, नियत तेवढी सीमेपाशी करतात. विमानाच्या चिंचोळ्या स्वच्छतागृहात कपडे बदलण्याची कसरत ज्याने पाहिली असेल, त्याला ही सवलत किती व्यवहारी आहे ते कळेल.

आता तर सगळा प्रवासच घराच्या उंबऱ्यापासून मक्केतल्या खोलीपर्यंत सलग करण्याचा प्रयत्न आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मक्का रूट’ योजनेत काही देशांतल्या यात्रेकरूंची सौदी प्रवेशाची तपासणी त्यांच्याच विमानतळावर उरकते आणि सामान परस्पर निवासावर पोहोचते. २०१८ पासून मक्का, जेद्दा आणि मदिना वेगवान रेल्वेने जोडलेली आहेत.

कष्टच उरले नाहीत तर पुण्य कमी होते का? हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या व कृतींच्या नोंदींत, याला दोन बाजू सापडतात. उमऱ्याचे, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेचे, फळ श्रमाच्या मानाने मिळते, असे प्रेषितांनी पत्नी आयेशा यांना सांगितल्याची नोंद आहे. दुसरीकडे, पायी जाण्याचा नवस केलेला एक म्हातारा दोन मुलांच्या आधाराने फरफटत चाललेला दिसला, तेव्हा देवाला त्याच्या या छळाची गरज नाही, असे सांगून प्रेषितांनी त्याला वाहनावर बसायला लावले. यात खरा विरोध नाही. कर्तव्य पार पाडताना जे श्रम वाट्याला येतात त्यांचे मोल आहे. पुण्यासाठी मुद्दाम ओढवून घेतलेल्या हालांचे नाही. सामान कुणी परस्पर पोहोचवले, म्हणून हजमध्ये काही उणे राहत नाही.

मीकातचे तसे नाही. तिथली नियत कुठलीही सेवा प्रवाशाच्या वतीने करू शकत नाही. डोळा लागला आणि सीमा मागे पडली, तर झोपेचा दोष धरत नाहीत. पण परत मीकातवर जाऊन एहराम बांधावा लागतो, नाहीतर, बहुतेक फिकह-परंपरांनुसार, प्रायश्चित्त म्हणून कुर्बानी द्यावी लागते. भारतातून थेट मदिनेला उतरणाऱ्यांपुढे हा पेच येत नाही. ते तिथून रस्त्याने मक्केकडे निघतात आणि एहराम झुल-हुलैफाला, जमिनीवरच बांधतात.