शेरूला मारायचं बंद कर

मान वर कर आणि नीट ऐक. काल लल्लूभाई कंपाउंडच्या जिन्यात तू शेरूला चपलेनं बडवत होतास. का, तर म्हणे चादरीवर पिवळे डाग पाडतो. अरे, वयात आलेला, खच्ची न केलेला नर आहे तो. अशा कुत्र्याच्या लिंगावरच्या कातडीतून थोडा पिवळट-हिरवट चिकट स्राव येतोच. हा रोग नाही आणि खोड तर नाहीच नाही. अंगधर्मासाठी मुक्या जीवाला मारणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. कायदा नसता, तरी मी खपवून घेतलं नसतं.

आणि वर तिथं डेटॉल लावलंस! पापणीच्या आतल्या बाजूइतकी नाजूक जागा ती. डेटॉलनं आग होते, मग तो चाटत बसतो, चाटून सूज येते, स्राव आणखी वाढतो. हे दुखणं तू त्याला दिलंस. कोमट पाण्यात मऊ सुती फडकं भिजवायचं, बाहेरून हलक्या हातानं पुसायचं, कोरडं करायचं. कातडी मागं ओढायची नाही. नळाला पाणी नसतं हे कारण मला सांगू नकोस, वाटीभर पुरतं.

स्राव एकाएकी वाढला, रक्त दिसलं, लघवीला कुंथला, तर डॉक्टर. लिंग बाहेर येऊन आत जात नसेल, तर सकाळ उजाडायची वाट बघायची नाही, त्याच घटकेला निघायचं. रात्री त्याला मोकळा सोडतोस ना? संगातून एका कुत्र्याची कॅन्सरची गाठ दुसऱ्याला लागते. वेळेत इंजेक्शनं मिळाली तर बहुधा बरी होते, पण त्यासाठी मालकानं बघायला हवं.

जिन्यात तो तंगडी वर करतो, तिथं फिनेल ओतून भागत नाही. तिथंच लहान मुलं अनवाणी खेळतात. कुत्र्याच्या मुतातूनही लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, पसरतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोनं माणसं गेली आहेत. शेरूला त्याची लस दिलीस? कार्ड कुठं आहे?

खच्ची केलं की कुत्र्याची मर्दानगी जाते, असं तुझे मित्र सांगतात. ही तुम्हा पोरांच्या डोक्यातली गोष्ट, शेरूला तिचा पत्ताही नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत हा स्राव बराच कमी होतो, जागोजागी मुतणंही बहुतेकदा कमी होतं. उतारवयात प्रोस्टेट फुगून होणारे हाल टळतात, वृषणाच्या गाठीची भीती उरत नाही. कधी करायची ते डॉक्टर त्याला तपासून ठरवतील, तुझे मित्र नाहीत.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत आहे ना? १८८०च्या दशकापासून मुंबईकर तिथं जनावरं नेत आलेत. शनिवारी शाळा सुटली की शेरूला घेऊन जायचं. तुझ्या आईशी मी बोलते. सोमवारी केसपेपर आणि लसीचं कार्ड माझ्या टेबलावर हवं.