मातीचं घर बांधणाऱ्या भाचीस

चि. मुक्ता हिस,


राजापूरच्या जागेवर विजेची जोडणी आणि नळ न घेता, माती आणि जुन्या सामानातून घर बांधायचं तू ठरवलंस. मनापासून आनंद झाला. तू पाठवलेला नकाशा मात्र न्यू मेक्सिकोतल्या ताओसच्या घरांवरून काढलेला आहे. मायकेल रेनॉल्ड्स यांनी 1970 च्या दशकापासून तिथे टायरांत माती ठासून, डबे-बाटल्या रचून घरं उभी केली. काम मोठंच आहे, पण तो मुलूख उंचावरचा आणि कोरडा. तिथल्या जाड भिंती दिवसाचं ऊन साठवून रात्री ऊब देतात. आपल्याकडे पाऊस 3000 मिलिमीटरच्या पुढे आणि उकाडा दमट. आपल्याला ऊब नको, वारा हवा. त्यांची जिद्द घे, नकाशा आपल्या पावसाचा कर.

सुरुवात पाण्यापासून कर. 1000 चौरस फुटांच्या छपरावर वर्षाला सुमारे पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं. चार माणसांनी काटकसरीने रोज 200 लिटर वापरलं, तर कोरड्या आठ महिन्यांना 50,000 लिटर पुरे. म्हणजे पाच मीटर लांब, तेवढीच रुंद आणि दोन मीटर खोल टाकी. ती झाकलेली ठेव, पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोड आणि न्हाणीचं पाणी माडांकडे वळव.

भिंत मातीची खुशाल घाल, पण जोतं दोन फूट जांभ्याचं हवं आणि पागोळ्या भिंतीपासून तीन फूट लांब पडायला हव्यात. ज्या बाजूने झड येते तिथे पडवी काढ. माती पारखायला काचेच्या बाटलीत अर्धी माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खूप हलव आणि दिवसभर ठेवून दे. तळाला रेती बसेल, तिच्यावर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. चिकणमातीचा थर पाव हिश्शाहून जाड दिसला तर रेती मिसळ, नाहीतर भिंती तडकतील. आणि कोणी कितीही सांगो, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नकोस. आत शिरलेली ओल त्यामागे कोंडते आणि भिंत आतून खचते. मुरवलेल्या चुन्याचा गिलावा कर.

घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार वास्तुकार लॉरी बेकर यांनी मनावर घेतला होता. तुझ्या बाबतीत तो सोपा आहे. आसपास जुनी घरं उतरवली जातात, तिथले वासे, कौलं, दारं-खिडक्या बघ. प्रत्येक वाशावर हातोडी मारून आवाज ऐक. पोकळ वाजला तर आत वाळवी आहे, सोडून दे. खिडक्या आधी विकत घे, मग त्यांच्या मापाने भिंतीत जागा सोड.

विजेचा हिशेब मे महिन्याचा नको, जुलैचा मांड. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. कमी विजेचे पंखे, दिवे आणि फोन यांचं दिवसाला एका युनिटात भागतं. फ्रिज आला की पॅनेल आणि बॅटरी दोन्ही वाढतात. बॅटरी कधीतरी बदलावी लागणार, त्याचे पैसे आजपासून बाजूला टाक.

संडासाचं काम शेवटावर ढकलू नकोस. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करून दाखवलं, तो धडा आपल्या घरचाच आहे. खड्डे विहिरीपासून लांब आणि उताराच्या बाजूला घे.

मुक्ता, घर स्वावलंबी होतं ते आपल्या गरजा त्या जागेच्या पाण्यात आणि उन्हात बसवल्यामुळे. म्हणून एक पावसाळा जवळच खोली घेऊन राहा. पाणी कुठून वाहतं, वारा कुठून झोडपतो ते टिपून ठेव, मे महिन्यात विहीर किती खाली जाते तेही बघ. घाई करून एक वर्ष वाचेल, पण डागडुजी जन्मभर करत बसशील. ती टिपणं हातात घेऊन दसऱ्यानंतर पायाचा नारळ फोड. मातीकाम जाणणारे गवंडी मी घेऊन येतो.

तुझा,
मामा