वगळलेला धडा आणि चौथे शील

२०१९ साली डी.एल.एड.चे सहा छात्राध्यापक आंतरवासितेसाठी आमच्या शाळेत आले होते. पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा होता. हा सरावपाठ कोण घेणार, असे मी विचारले, तेव्हा सहाही जण खाली पाहू लागले.

एक म्हणाला, "सर, माकडाचा माणूस झाला म्हटले की पालक भांडायला येतात." दुसरीने तोडगा काढला : 'असे काही लोक म्हणतात' एवढे सांगून पुढे जायचे. तिसरा प्रामाणिक होता. "मलाच पटत नाही सर. न पटलेले कसे शिकवू?" आपल्याच वस्तीतली एक मुलगी मात्र निर्धास्त होती. "आपल्याला काय अडचण? आपण बौद्ध. देवाने माणूस घडवला हे आपण मानतच नाही." मी पुरावा विचारला, तर ती गप्प झाली. तिनेही ऐकीवच धरले होते. फक्त सांगणारा बदलला होता. परंपरा सांगते म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले, ते आपल्यालाही लागू आहे.

आदल्याच वर्षी, जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरवला होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी त्याला विरोध केला. पुढे एन.सी.ई.आर.टी.ने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला, तेव्हा २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले. पण पुस्तकात असलेला धडा वर्गात गाळला जातो, त्याचे पत्र कोण काढणार?

माझ्या गुरुजींनी तो "परीक्षेला येत नाही" म्हणून सोडला होता. माझे वडील अंगठेबहाद्दर. घरात पुस्तक नाही. गुरुजींनी सोडले ते मला विसाव्या वर्षी, कॉलेजात कळले. ज्याच्या घरी चार पुस्तके आहेत, त्याचे फारसे बिघडत नाही.

आपण रोज चौथे शील म्हणतो. न सांगणे हे खोटे बोलणे आहे काय? कोणी म्हणेल, मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नांवर भगवंतही मौन राहिले. खरे आहे. पण आपण का बोलत नाही, हे त्यांनी त्याला उघड सांगितले. आम्ही भीतीने गप्प बसतो आणि मुलांना परीक्षेचे कारण देतो. खोटे आहे ते इथे.

अर्धवट शिकवणेही घातकच. 'बलवान तोच टिकतो' हे वाक्य ऐकून आपले पोर स्वतःला दुबळ्यांत मोजते. मूळ शब्दप्रयोग स्पेन्सरचा, १८६४ चा. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. त्यात टिकणे म्हणजे परिस्थितीशी जुळणे, दांडगाई नव्हे. माणूस आजच्या माकडापासून झाला असेही नाही. दोघांचा पूर्वज एक. ही शिडी नसून झाड आहे. जन्माने कोणी वरच्या पायरीवर बसतो, असे त्या झाडात कुठे सापडत नाही.

न पटणाऱ्याला मी एवढेच म्हणालो, "तुमचे मत तुमच्याजवळ ठेवा. पुरावा मुलांपुढे ठेवा, आणि त्यांना प्रश्न विचारू द्या."

पाठ त्यानेच घेतला. कोंबडीच्या पंखाची हाडे धुऊन आणली होती. मुले आपला हात चाचपून जुळवू लागली : दंडात एक हाड, पुढे दोन. एका मुलीने विचारले, "मग हिची बोटे कुठे गेली?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "मला माहीत नाही. उद्या पाहून सांगतो."