कोवळ्या पायांचा धनी कोण?

गेल्या वर्षी अकरावीत आलेल्या एका मुलीचे वडील आमच्याकडे एक अर्ज घेऊन आले. मुलगी सोळा वर्षांची. लांब पल्ल्याच्या शर्यतीत जिल्ह्यात पहिली आलेली. परगावच्या एका प्रशिक्षकाने तिला आपल्यापाशी ठेवून घेण्याचे कबूल केले होते, आणि वर्गातील उपस्थितीची सूट मिळावी म्हणून आमची शिफारस हवी होती. "तुझे स्वतःचे मन काय म्हणते?" असे आम्ही मुलीस विचारले. तिने वडिलांकडे पाहिले व म्हणाली, "सर सांगतील तसं." हे 'सर' म्हणजे आम्ही नव्हे, तो परगावचा प्रशिक्षक, हे ध्यानात यावयास आम्हांस थोडा वेळ लागला. अर्ज आम्ही दोन दिवस ठेवून घेतला. त्या दोन दिवसांत मनात जे विचार आले, तेच येथे मांडावयाचे आहेत.

अंगच्या गुणास गंज चढू देणे ही कर्तव्यच्युती होय, असे कांटने १७८५ साली प्रतिपादिले. उलटपक्षी, स्वातंत्र्याचे आपले तत्त्व वयात न आलेल्या मुलांस लागू नाही, असे मिल्लने १८५९ साली स्पष्ट बजावून ठेविले. ही दोन मते एकत्र ठेविली म्हणजे मोठी चमत्कारिक स्थिती उत्पन्न होते. गुण वाढविण्याचे कर्तव्य मुलीचे, परंतु निर्णयाचा अधिकार वडीलधाऱ्यांचा. श्रम एकाचे, संकल्प दुसऱ्याचा! पण थोडे खोल पाहिले तर दोघाही तत्त्ववेत्त्यांनी हा सौदा कबूल केला नसता, असे दिसून येईल. कांटच्या मते हे कर्तव्य माणसाचे स्वतःशी असते. आणि जे ऋण मनुष्य स्वतःचे स्वतःलाच देणे लागतो, ते वसूल करावयास तिऱ्हाइताने दारी येऊन बसावे, हे न्यायाचे नव्हे. मिल्लने मुलांचा अधिकार काढून घेतला तो त्यांच्या रक्षणासाठी. रक्षणासाठी मिळालेली सत्ता पदके मिळविण्यासाठी वापरली, तर ती सत्ता ज्या पायावर उभी होती तो पायाच ढासळतो.

कोणी म्हणेल, हा सारा पुस्तकी काथ्याकूट झाला. म्हणून घडलेलीच गोष्ट घेऊ. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोमफाँटेनची झोला बड ही मुलगी १९८४ च्या जानेवारीत स्टेलेनबॉश येथे अनवाणी धावली आणि ५,००० मीटरचे अंतर तिने १५ मिनिटे १.८३ सेकंदांत कापले. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. त्या वेळच्या जागतिक विक्रमाहून ती सहा सेकंदांपेक्षा अधिक वेगाने धावली होती. परंतु वर्णद्वेषी राजनीतीमुळे तिचा देश बहिष्कृत असल्याने त्या पराक्रमाची विक्रम म्हणून नोंद झाली नाही. मग लंडनच्या 'डेली मेल' पत्राने पुढाकार घेतला. तिचे आजोबा इंग्रज होते हा धागा धरून तिच्या वडिलांना वळविण्यात आले, आणि थोड्याच आठवड्यांत ती ब्रिटिश नागरिक झाली. ती जेथे धावेल तेथे निदर्शने होऊ लागली. वर्णद्वेषाविरुद्धचा तो संताप न्याय्यच होता, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण त्या संतापाचे उत्तर द्यावयास पुढे उभी राहिली ती शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली पोर, आणि तिला तेथवर आणणारे प्रौढ मागे राहिले.

ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकात ३,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत मेरी डेकर ही अमेरिकन धावपटू बडच्या पायात पाय अडकून पडली. प्रेक्षकांनी बडची हुर्यो उडविली, आणि आघाडीवर असलेली ती मुलगी मागे पडत पडत सातवी आली. पंचांनी तिला आधी बाद ठरविले व चित्रफीत पाहून मग निर्दोष ठरविले. ह्या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण जी खाली पडली तीही एके काळची बालधावपटूच होती, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. १९७३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, डेकरने मिन्स्क येथे रशियन धावपटूंना ८०० मीटरमध्ये मागे टाकले होते. त्यानंतर पायांच्या दुखण्यांनी तिला असे ग्रासले की १९७६ चे ऑलिंपिक तिला मुकावे लागले. त्या संध्याकाळी मैदानावर दोन देशांची नव्हे, दोन हरवलेल्या बालपणांची टक्कर झाली, असे आम्हांस वाटते. असो.

कोवळ्या वयातील अतिश्रमांची ही तक्रार नवी नाही. ऑलिंपियाच्या विजेत्यांत मुलांच्या गटात आणि पुढे प्रौढांच्या गटातही जिंकलेले दोन-तीनच सापडतात, असे ॲरिस्टॉटलने आपल्या 'राजनीति' ग्रंथात नमूद केले आहे, आणि बालपणीच्या कठोर कसरतीत त्यांची शक्ती खर्ची पडते, असे त्याचे कारणही दिले आहे. आजचे वैद्यकही निराळे सांगत नाही. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा ह्या वयात पक्क्या झालेल्या नसतात. पोटास पुरेसे न देता मैलामागून मैल धावणाऱ्या मुलींची मासिक पाळी थांबते, हाडे विरळ होतात, आणि त्यांस बारीक तडे जातात. मुंबई मॅरेथॉनची पूर्ण शर्यत अठरा वर्षांखालील कोणासही धावू देत नाहीत, ते उगीच नव्हे.

ह्यावर खरा आक्षेप असा की, काही रोपे लवकर फुलूनही टिकतात. केनियाचा एलियूड किपचोगे २००३ साली पॅरिस येथे अठराव्या वर्षी ५,००० मीटरचा जगज्जेता झाला, आणि सदतिसाव्या वर्षी, २०२२ साली, बर्लिन येथे त्याने २ तास १ मिनिट ९ सेकंदांत मॅरेथॉन धावून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. हे मान्य. पण ह्याच उदाहरणातून दुसरीही गोष्ट निघते: लांब पल्ल्याचा धावणारा तिशी उलटल्यावरही ऐन भरात असतो. कसरतपटूच्या बाबतीत घाईला निदान शरीराच्या लवचिकपणाची सबब आहे; येथे ती सबब उरत नाही. आपल्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनच्या थंडीत राहिला, आणि शर्यतींकडे वळला तो त्यानंतर. २०१८ साली त्याने अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीतील ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅम येथे रौप्यपदक मिळविले. घाई गुणाला नसते. ती गुण पाहणाऱ्याला असते.

तथापि एक गोष्ट सांगितली नाही तर आमच्याकडून अन्याय होईल. आम्ही थोडी खळखळ करताच त्या मुलीचे वडील म्हणाले होते, "सर, तुमच्या घरी शिक्षण आहे. आमच्याकडे तिचे पायच आहेत. धावली तर पोलिसात, रेल्वेत कुठंतरी लागेल." ह्या वाक्यापुढे आमचा कांट आणि आमचा मिल्ल दोघेही खाली मान घालून बसले. पगाराच्या भरवशावर बसून दुसऱ्याच्या मुलीस संयम शिकविणे सोपे असते. शिफारस नाकारून आम्ही तिचे बालपण राखले असते, की तिच्या हाती येणारी एकच दोरी कापली असती?

अशा वेळी आम्हांस अभिमन्यू आठवतो. व्यूह फोडून आत जाणे त्यास ठाऊक होते, बाहेर येणे ठाऊक नव्हते. आणि ही गोष्ट त्याने काही लपवून ठेविली नव्हती. युधिष्ठिरास ती माहीत होती, भीमास माहीत होती. "तू वाट कर, आम्ही मागोमाग येतो," हे त्यांचे वचन खोटे नव्हते. पण जयद्रथाने वाट अडविली आणि ते बाहेरच राहिले. त्या वडीलधाऱ्यांस दुष्ट म्हणवत नाही. त्यांचे त्या मुलावर प्रेम होते, त्याच्या गुणाचा अभिमान होता, आणि त्या दिवशी त्यांना त्याची गरज होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुलीस एकटीस बोलाविले. बराच वेळ ती काही बोलेना. आम्हीही विचारणे सोडून समोरची कागदपत्रे चाळीत बसलो. मग तिने विचारले, "तिथं गेल्यावर नको वाटलं, तर परत येता येईल का?"

शिफारसपत्र आम्ही लिहिले. त्यात एक कलम वाढविले की, वर्षभरात ती केव्हाही परतली तरी वर्गातील तिची जागा राखून ठेवावी, आणि त्यासाठी कोणाचीही, प्रशिक्षकाची वा पालकांची, संमती लागू नये. वडिलांनी ते कलम दोनदा वाचले, "हे कशाला, सर?" असे विचारले, आणि आम्ही उत्तर देण्यापूर्वीच मुलीने तो कागद घडी घालून आपल्या पिशवीत ठेविला.