गरज कोणाची?

गरज ही शोधाची जननी आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. ही जननी कोण, ती कोणत्या घरात राहते आणि तिचे गाऱ्हाणे ऐकायला कोण जाते, हे मात्र आपल्याला कोणी विचारले नाही. आज काही विद्यापीठांनी हाच प्रश्न अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणला आहे. त्यातून एक नैतिक पेच उभा राहतो. त्याविषयी वाचकांशी थोडे हितगुज करावे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात या शतकाच्या आरंभी पॉल यॉक हे हृदयरोगतज्ज्ञ आणि जॉश मॅकॉवर हे वैद्यकाची पदवी असलेले संशोधक-उद्योजक यांनी ‘बायोडिझाइन’ नावाचा उपक्रम उभा केला. नवी वैद्यकीय साधने निर्माण करणारी माणसे घडविणे, हा त्याचा हेतू. डॉक्टर, अभियंते आणि व्यवहार जाणणारे तरुण यांचे लहान गट करून त्यांना प्रथम रुग्णालयात पाठविले जाते. शस्त्रक्रियागृह, खाटांच्या रांगा, परिचारिकांची धावपळ हे सारे त्यांनी मुकाट्याने पाहायचे आणि जेथे जेथे काही अडते ते टिपून ठेवायचे. मग प्रत्येक अडचण एका वाक्यात मांडायची: त्रास कोणता, तो कोणाला होतो, आणि काय साधले म्हणजे तो दूर झाला असे म्हणता येईल. या वाक्यात उपायाचा उल्लेख येता कामा नये, असा दंडक आहे. कारण उपाय आधीच मनात ठरला, की डोळे त्याला सोयीचे तेवढेच पाहतात. पुढे शेकडो गरजांना चाळण्या लावून मोजक्या निवडल्या जातात आणि त्यानंतरच शोधाला हात घातला जातो. हीच पद्धती पुढे दिल्लीच्या एम्स आणि आयआयटी या संस्थांच्या सहकार्याने भारतात आली. मुंबईच्या आयआयटीतही २०१४ पासून ‘बेटिक’ या केंद्रात डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून नवी वैद्यकीय साधने घडवीत आहेत.

या शिक्षणात एक मोठा नैतिक गुण दडला आहे, असे आम्ही मानतो. तो गुण म्हणजे आधी पाहण्याची नम्रता. स्टॅनफर्डमध्येच २००७ साली दुसऱ्या एका वर्गात विद्यार्थ्यांच्या गटाला अकाली जन्मलेल्या बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर तयार करण्याचे काम मिळाले. त्यांच्यापैकी एक जण नेपाळला गेला. तेथील रुग्णालयात त्याला इन्क्युबेटर होते, परंतु रिकामे पडलेले दिसले. ज्या बाळांसाठी ते होते ती दूरच्या खेड्यांत, विजेचा भरवसा नसलेल्या घरांत जन्मत होती. गरज वेगळीच निघाली. त्यातून ‘एम्ब्रेस’ ही पिशवी जन्मली. तिच्यातील मेणासारखा पदार्थ एकदा तापविला, की कित्येक तास बाळाला ऊब देत राहतो. तो विद्यार्थी वर्गातच बसून राहिला असता, तर कदाचित आणखी एक स्वस्त पेटी तयार झाली असती आणि तीही रिकामीच राहिली असती.

ॲरिस्टॉटलने कौशल्य आणि विवेक यांत भेद केला आहे. एखादी वस्तू उत्तम कशी घडवावी हे कौशल्य सांगते. आपल्या हातून काय घडणे चांगले, हे विवेक सांगतो. कौशल्याचे वर्ग सर्वत्र भरतात. विवेकाचा वर्ग कोठे भरतो, हा आमचा प्रश्न आहे. कारण मघाशी उल्लेखिलेल्या चाळण्यांपैकी एक चाळणी बाजाराची असते. हे साधन विकत कोण घेईल, त्याचे पैसे कोण भरील, असे तेथे विचारले जाते. ह्या प्रश्नाला आम्ही पाप म्हणणार नाही. साधनाच्या चाचण्या, सरकारी परवाने, कारखाना, दुरुस्ती हे सारे खर्चाचे काम आहे. ग्राहक नसलेले यंत्र कपाटात धूळ खात पडते आणि रुग्ण होता तेथेच राहतो. तेव्हा व्यवहाराचा विचार करणे हाही रुग्णाविषयीच्या जबाबदारीचा भाग आहे.

तथापि या चाळणीतून काय गळते, तेही पाहिले पाहिजे. ज्याच्या हाती पैसा नाही त्याची गरज लहान असते म्हणून गळत नाही. तिला बाजारात आवाज नसतो, म्हणून ती गळते. शिवाय काही उत्तरे विकताच येत नाहीत. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एद्गार रेय सानाब्रिया आणि एक्तोर मार्तिनेझ या डॉक्टरांनी इन्क्युबेटर अपुरे पडू लागल्यावर कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्यास पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, असे दिसले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारसही केली. आईच्या छातीचे पेटंट घेता येत नाही. मग उत्पादन घडविण्यासाठी शिकविलेल्या तरुणाला हे उत्तर उत्तर म्हणून दिसेल काय?

यावर कोणी म्हणेल, की विद्यापीठाने सर्वांचा भार का वाहावा? उरलेले काम सरकार आणि धर्मादाय संस्था करतील. हा आक्षेप रास्त आहे. परंतु कोणते काम उरले, हे त्यांना कळणार कसे? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने निवडलेल्या गरजेबरोबर गळालेल्या गरजांचीही वही ठेवावी आणि प्रत्येकीपुढे ती गळण्याचे कारण प्रामाणिकपणे लिहावे. ‘उपाय सुचला नाही’ हे एक कारण आहे. ‘पैसे देणारा नाही’ हे अगदी वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी जाहीर व्हाव्यात, म्हणजे सार्वजनिक पैसा कोठे वळवायचा हे ठरविता येईल. शिवाय ज्याच्या खाटेशेजारी उभे राहून आपण गरज टिपली, त्या रुग्णाचे ऋणही अशा रीतीने मान्य होईल. त्याच्या वेदनेने आपल्याला शिकविले. ती नफ्याची ठरली नाही एवढ्यावरून तिला पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्या घराघरांतून आज मुले-मुली अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांत जात आहेत. ती सुट्टीत घरी आली, की आपण त्यांना गुण किती मिळाले आणि नोकरी कोठे लागेल, हे विचारतो. ते विचारावेच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे: वॉर्डात कोणाचे काय अडलेले पाहिलेस? रात्रपाळीची परिचारिका आणि रुग्णाच्या उशाशी बसलेली म्हातारी आई यांना त्याचे उत्तर ठाऊक असते. त्यांच्याजवळ घटकाभर बसण्यासाठी कोणत्याही विद्यापीठाचा प्रवेश लागत नाही.